स्मेलहोमचा मनोरा : राहते घर आणि रक्षित वास्तू

ट्वीड ही नदी आपल्या प्रवाहाच्या अखेरच्या टप्प्यात काही अंतर इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन देशांमधली सीमारेषा होऊन वाहते. तिच्या काठच्या केल्सो या गावापासून पश्चिमेस सुमारे सहा मैलांवर सँडीनाउ नावाची एक शेतवाडी आहे. शेतवाडीच्या मागे काळ्या खडकांचा उघडा माळ, माळाच्या पायथ्याशी पाण्याचे लहानसे तळे, आणि सर्वांत उंच खडकावर एकटा उभा असलेला चौकोनी दगडी मनोरा. त्याची उंची सुमारे २० मीटर. आजूबाजूला झाड नाही, वस्ती नाही. त्यामुळे तो आहे त्याहून उंच भासतो. या मनोऱ्याचे नाव स्मेलहोम. स्कॉटलंडच्या इतिहासात येथे कोणतीही निर्णायक लढाई झालेली नाही, येथे कोणा राजाचा जन्म झाला नाही की वधही झाला नाही. तरीही एखादी जुनी वास्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न समजून घेण्यासाठी मला हा मनोरा फार उपयोगी वाटतो.

अशा वास्तूंना इंग्रजीत ‘टॉवर हाउस’ म्हणतात. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज, दरवाजे, शिबंदी यांचा पसारा येतो. टॉवर हाउस तसे नव्हे. ते एका कुटुंबाचे घर आहे. ‘लेअर्ड’ म्हणजे स्कॉटलंडमधला जमीनदार. त्याचे राहते घर संरक्षणासाठी आडवे न पसरता उभे रचले गेले, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचकाला ‘गढी’ हा शब्द अधिक जवळचा वाटेल. गढीप्रमाणेच येथेही घर, कोठार, मान आणि भय या चारही गोष्टी एकाच वास्तूत नांदतात. फरक इतकाच, की आपली गढी मातीच्या पांढरीवर ऐसपैस बसते, तर हे घर खडकावर सरळ उभे राहते. चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये अशी शेकडो घरे बांधली गेली. काही नाहीशी झाली, काहींचे अवशेष उरले, आणि काहींत आजही चूल पेटते.

स्मेलहोमचा मनोरा प्रिंगल घराण्याने बांधला. हे घराणे डग्लस या बलाढ्य सरदारांच्या पदरी वाढलेले. बांधकामाचा काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध धरावा की सोळाव्याचा आरंभ, याबाबत अभ्यासकांचे मतैक्य नाही. भिंती स्थानिक काळ्या दगडाच्या ओबडधोबड चिऱ्यांच्या. दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि कोपरे मात्र तांबूस वालुकाश्माचे घडीव. भिंतींची जाडी दोन मीटरांहून अधिक. तळाशी दगडी कमानछताचे कोठार. त्याच्यावर दिवाणखाना, म्हणजे घरधन्याची जेवणाची, न्यायनिवाड्याची आणि पाहुणचाराची जागा. त्याच्यावर त्याची खासगी खोली. प्रत्येक मजल्यावर मुख्य खोली एकच. भिंतीच्या कोपऱ्यात चक्राकार जिना. सर्वांत वर पुन्हा दगडी कमानछत आणि त्याच्यावर दगडी फरशांचेच छप्पर. शत्रूने पेटती मशाल फेकली तरी आग लागू नये, हा त्यामागचा हेतू.

या मनोऱ्याच्या माथ्यावर उत्तरेकडच्या कठड्यालगत एक चिंचोळी वाट आहे. तिथे धुराड्याच्या भिंतीला टेकून पहारेकऱ्यासाठी दगडी आसन केलेले आहे, आणि जवळच त्याचा कंदील ठेवण्यासाठी कोनाडा. सरहद्दीवरच्या बोचऱ्या वाऱ्यात रात्रभर बसणाऱ्या माणसाच्या पाठीला खालच्या चुलीची ऊब मिळावी, एवढा विचार त्या गवंड्याने केलेला दिसतो. इतिहासाच्या ग्रंथांत या पहारेकऱ्यांपैकी एकाचेही नाव नाही.

पहारा कशासाठी, हे समजण्यासाठी सरहद्दीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंड युद्धांना तोंड फुटले आणि पुढची तीनशे वर्षे हा मुलूख दोन राज्यांच्या दातांमध्ये सापडला. तह झाले तरी शांतता आली नाही. दोन्ही बाजूंची घराणी रात्री घोड्यांवरून निघत, दुसऱ्याची गुरे हाकून आणत, घरे जाळत आणि उजाडायच्या आत परतत. या स्वारांना ‘रीव्हर’ म्हणत. त्यांचे वैर दर वेळी परक्या देशाशीच असे असेही नाही; शेजारच्या घराण्याशी पिढ्यान्पिढ्या चाललेले हाडवैर अधिक जहरी असे. लुटणारा आणि लुटला जाणारा ही दोन वेगळी माणसे नव्हती. ज्या लेअर्डच्या मनोऱ्यावर आज पहारा बसे, तोच उद्या दुसऱ्याच्या गोठ्याकडे निघे.

स्कॉटलंडच्या संसदेने १४५५ साली सरहद्दीवर इशाऱ्याचे जाळ पेटवण्याविषयी नियम घालून दिले. एक जाळ म्हणजे शत्रू येत असल्याची वार्ता. दोन एकत्र म्हणजे तो खरोखरच येत आहे. चार म्हणजे तो मोठ्या बळाने येत आहे. पुढे १५३५ साली संसदेने आणखी एक कायदा केला. सरहद्दीलगतच्या भागात शंभर पौंड मूल्याची जमीन असलेल्या प्रत्येक जमीनदाराने साठ फूट चौरस, एक ‘एल’ जाडीचे आणि सहा ‘एल’ उंचीचे चुनेगच्ची दगडी आवार बांधावे, म्हणजे संकटकाळी त्याला, त्याच्या कुळांना आणि त्यांच्या मालमत्तेला आसरा मिळेल. स्वतःसाठी आत मनोरा बांधणे त्याला योग्य वाटले तर तोही बांधावा. त्यासाठी मुदत दोन वर्षांची. एक एल म्हणजे साधारण ३७ इंच. या आवाराला ‘बार्मकिन’ म्हणत. कायद्याचा मजकूर वाचताना लक्षात येते ते असे, की सक्ती आवाराची आहे आणि मनोरा ऐच्छिक आहे. माणसांपेक्षा गुरे आधी आत घ्यायची, हा त्या मुलखातला व्यवहार कायद्याने जाणला होता.

कायद्यानंतर दहा वर्षांच्या आतच त्याची कसोटी लागली. बालराणी मेरी हिचा विवाह आपल्या पुत्राशी व्हावा म्हणून आठव्या हेन्रीने स्कॉटलंडवर सैन्य धाडले. १५४४ आणि १५४५ सालच्या चढायांत केल्सो, मेलरोझ, ड्रायबरा येथील मठ जाळले गेले. त्या धामधुमीत स्मेलहोमच्या परिसराचीही लूट झाली. मनोरा टिकला. परंतु आवारातली गुरे आणि कुळांची घरे मनोऱ्यासारखी टिकणारी नव्हती.

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जी मनोऱ्याकडे केवळ दुरून पाहणाऱ्याला कळत नाही. १९७९ ते १९८१ या काळात स्मेलहोमच्या आवारात उत्खनन झाले आणि पुरातत्त्वज्ञ क्रिस टॅब्रहॅम यांनी त्याचा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे, की मनोरा कधी एकटा नव्हताच. त्याच्या लगत बाहेरचा दिवाणखाना होता, स्वयंपाकघर होते, इतर खोल्या होत्या. सतराव्या शतकात त्यांतील काही पाडून तिथे दुमजली घर बांधले गेले. म्हणजे ज्या ‘एकाकी मनोऱ्या’ने कवींना आणि चित्रकारांना भुरळ घातली, तो एकाकी झाला तो पडझडीमुळे. उत्तम चिऱ्यांचा, जाड भिंतींचा भाग उरला आणि पातळ भिंतींचा भाग माळाच्या गवतात गेला. नांदत्या घराची गजबज आपण पाहत नाही. तिचा सर्वांत चिवट अंशच पाहतो, आणि त्यालाच मूळ समजतो.

या शोधांनी एकूणच टॉवर हाउसविषयीचा विचार बदलत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड मॅकगिबन आणि टॉमस रॉस या दोघा वास्तुशिल्पींनी देशभर हिंडून अशा वास्तूंची मोजमापे व रेखाटने केली आणि १८८७ ते १८९२ या काळात पाच खंडांत ती प्रसिद्ध केली. आजही कोणाही अभ्यासकाला त्या खंडांपासून आरंभ करावा लागतो, इतके ते काम पायाभूत आहे. त्यांची दृष्टी मुख्यतः वास्तूच्या आराखड्याची आणि संरक्षणाची होती. याउलट चार्ल्स मॅकीन यांनी २००१ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की यांतील अनेक घरांचे किल्लेपण हे बहुतांशी मिरवण्यासाठी होते. युरोपातील सुसंस्कृत सरदारांच्या ग्रामीण प्रासादांशीच त्यांचे नाते अधिक. मला या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते. स्मेलहोमच्या पहारेकऱ्याचे आसन मिरवण्यासाठी केलेले दिसत नाही. पण त्याच मनोऱ्याच्या खिडक्यांच्या घडीव चौकटींवर खर्चलेली मेहनत केवळ भीतीपोटी झाली, असेही म्हणवत नाही.

१६०३ साली स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. दोन्ही राज्यांचा राजा एकच झाल्याने सरहद्दीला अर्थ उरला नाही, आणि रीव्हरांचा बीमोड निष्ठुरपणे करण्यात आला. मनोऱ्यांची गरज संपली. १६४५ साली स्मेलहोम प्रिंगलांकडून हार्डनच्या स्कॉट घराण्याकडे आले. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत लोकांनी मनोरा सोडला. खाली सँडीनाउच्या शेतवाडीत राहणे अधिक सोयीचे होते. जिना चढायचा नाही, पाणी वर न्यायचे नाही, वाऱ्याला तोंड द्यायचे नाही. घर सोडण्यामागे शोकांतिका असावी लागत नाही. पुष्कळदा माणसे केवळ सोय पाहून निघून जातात.

आणि मग त्या शेतवाडीत एक लंगडा मुलगा आला.

वॉल्टर स्कॉट याचा जन्म १७७१ साली एडिंबरो येथे झाला. दीड वर्षाचा असताना तापानंतर त्याचा उजवा पाय लुळा पडला. शहरातल्या वैद्यांचे उपाय थकले, तेव्हा मोकळ्या हवेत तरी गुण येईल या आशेने त्याला सँडीनाउला आजोबांकडे पाठवण्यात आले. आजोबा रॉबर्ट स्कॉट हे हार्डनच्या स्कॉटांचेच नातलग आणि त्यांच्याच जमिनीचे कूळ. नुकत्याच सोललेल्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळून त्या मुलाला निजवावे, असाही एक उपचार तिथे झाला. बरे हवामान असले की गुराखी त्याला पाठीवर घेऊन माळावर जाई आणि मेंढ्यांच्या सोबतीला खडकांत ठेवी. डोक्यावर तो मनोरा. घरी परतल्यावर आत्या जेनेट आणि आजी यांच्या तोंडून जुनी कथागीते, रीव्हरांच्या स्वाऱ्या, पूर्वजांची वैरे. ज्या वयात मुलाने धावायचे त्या वयात त्याला पडून पाहणे आणि ऐकणे एवढेच शक्य होते. पुढे ‘मार्मियन’ या १८०८ सालच्या दीर्घ काव्याच्या तिसऱ्या सर्गाच्या प्रस्तावनेत त्याने या मनोऱ्याची आणि त्या बालपणाची आठवण नोंदवली.

स्कॉट तरुण वकील झाला तोवर स्मेलहोम ढासळू लागले होते. मनोऱ्याचा मालक म्हणजे हार्डनचा स्कॉट. तो या कवीचा आप्त आणि स्नेही. कवीने त्याला विनवले, की मनोऱ्याची अशी दुर्दशा होऊ देऊ नये. मालकाने मान्य केले, परंतु मोबदल्यात या जागेविषयी एक कथागीत लिहून द्यावे अशी अट घातली. त्यातून १७९९ च्या सुमारास ‘द ईव्ह ऑफ सेंट जॉन’ हे कथागीत जन्मले, अशी हकिकत स्कॉटच्या चरित्रात परंपरेने सांगितली जाते. कथा भयाची आहे. १५४५ सालच्या अँक्रम मूरच्या लढाईच्या दिवसांत स्मेलहोमचा सरदार घराबाहेर पडतो, लढाईला न जाता पत्नीच्या प्रियकराला ठार करून परततो. सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री मृत प्रियकर तिच्या शय्येजवळ येतो आणि त्याच्या स्पर्शाने तिच्या मनगटावर भाजल्याची खूण कायमची उरते. अखेर ती जोगीण होते आणि तो मठात जातो. या कथेला इतिहासात आधार नाही. प्रिंगलांच्या घरात असे काही घडले नव्हते.

या व्यवहाराकडे मी पुनःपुन्हा वळतो. वारसा जपण्याचा कोणताही कायदा नव्हता, कोणते खाते नव्हते, अनुदान नव्हते. एका वास्तूची किंमत एका कवितेत ठरली, आणि ती कविता सर्वस्वी कल्पित होती. आपल्या मनाला हे रुचते. साहित्याचा इतका प्रत्यक्ष उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. पण त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्या शेकडो मनोऱ्यांच्या सावलीत कोणताही कवी वाढला नाही, त्यांच्यासाठी कोण विनवणार होते? त्यांचे चिरे शेताच्या बांधांना, गोठ्यांना आणि रस्त्यांना गेले. कवितेने केलेले रक्षण हे उत्कट असते, पण निवडक असते.

स्वतः स्कॉटचे वर्तनही सरळसोट नव्हते. १८२२ नंतर मेलरोझच्या भग्न मठाची दुरुस्ती झाली, ती त्याच्या आग्रहामुळे आणि त्याच्या देखरेखीखाली. त्याच सुमारास ट्वीडच्या काठी तो अ‍ॅबट्सफर्ड हे आपले घर बांधत होता. त्याला मनोरे होते, कंगोरे होते, कोपऱ्यांवर लटकते बुरूज होते, आणि एडिंबरोचा जुना तुरुंग १८१७ साली पाडला गेला तेव्हा मिळालेला त्याचा दरवाजाही तिथे बसवलेला होता. खऱ्या मनोऱ्याची डागडुजी आप्ताकडून करवून घेणारा हा गृहस्थ स्वतः मात्र नव्या मनोऱ्यात राहायला गेला. अ‍ॅबट्सफर्डचे अनुकरण पुढे एकोणिसाव्या शतकात इतके झाले, की बँका, नगरभवने, रुग्णालयेही किल्ल्यांसारखी दिसू लागली. भूतकाळ जपण्याची आणि भूतकाळ नव्याने घडवण्याची इच्छा एकाच मनात किती शेजारी शेजारी नांदते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करताना आपले समीक्षक स्कॉटचे नाव घेत आले आहेत, आणि कादंबरीने उभा केलेला गड आणि प्रत्यक्ष गड यांतले अंतर हा आपल्याकडचाही प्रश्न आहे.

१८३१ साली स्कॉटच्या काव्यसंग्रहाची सचित्र आवृत्ती निघायची होती. त्यासाठी विख्यात चित्रकार टर्नर स्कॉटलंडला आला आणि स्कॉटने त्याला स्मेलहोम दाखवले. कवी तेव्हा आजारी होता, कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेला होता. पुढच्या वर्षी, १८३२ मध्ये, तो वारला आणि त्याचे दफन ड्रायबराच्या भग्न मठात झाले.

कायदा यायला अजून पन्नास वर्षे होती. १८७७ साली विल्यम मॉरिस याने लंडनमध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या वास्तूला ‘मूळ रूप’ देण्याच्या नावाखाली चाललेल्या नूतनीकरणाला तिचा कडवा विरोध होता. वास्तू सांभाळा, तिची डागडुजी करा, पण तिला काल्पनिक तारुण्य देऊ नका, हे तिचे सूत्र. १८८२ साली ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा झाला. तो मुख्यतः प्रागैतिहासिक शिळावर्तुळे आणि थडगी यांच्यापुरता होता, आणि मालकाच्या संमतीशिवाय त्यात काही करता येत नव्हते. खासगी मालमत्तेच्या हक्काला हात लावण्याची तेथील संसदेची तयारी नव्हती. मध्ययुगीन इमारती १९०० नंतर हळूहळू कक्षेत आल्या, आणि १९१३ च्या कायद्याने प्रथमच शासनाला मालकाच्या मनाविरुद्ध वास्तूचे रक्षण करण्याचा अधिकार मिळाला.

या १९१३ च्या कायद्यामागे एका व्यक्तीचा मोठा वाटा होता, जिचे नाव भारतीय वाचकाला निराळ्या कारणांसाठी माहीत आहे. लॉर्ड कर्झन याने व्हाइसरॉय असताना १९०४ साली भारतात प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला. स्मारके सक्तीने संपादन करण्याची तरतूद त्यात होती. स्वदेशी परतल्यावर त्याने १९११ साली लिंकनशायरमधला टॅटरशॉलचा पंधराव्या शतकातला विटांचा मनोरा विकत घेतला. त्याच्या दगडी नक्षीदार चुली उखडून विकल्या गेल्या होत्या. कर्झनने त्या परत मिळवून पुन्हा बसवल्या. या प्रकरणाने लोकमत ढवळले आणि दोन वर्षांत कायदा आला. जिंकलेल्या देशात मालमत्तेच्या हक्काची जी भीड ठेवावी लागली नाही, ती घरी ठेवावी लागत होती. त्यामुळे वारशाच्या बाबतीत वसाहतीत जे आधी झाले, ते मायदेशी नऊ वर्षांनी झाले. या विसंगतीवर ब्रिटिश ग्रंथकार फारसे थांबत नाहीत.

स्मेलहोम १९५० साली शासनाच्या ताब्यात आले. आज त्याची देखभाल ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड’ ही सार्वजनिक संस्था करते. २०१५ साली पूर्वीच्या दोन संस्थांच्या एकत्रीकरणातून ती अस्तित्वात आली. मनोऱ्याच्या आत स्कॉटचे जीवन आणि त्याने संपादित केलेल्या सरहद्दीच्या कथागीतांचा संग्रह यांवर आधारलेल्या बाहुल्यांचे आणि विणलेल्या चित्रांचे प्रदर्शन मांडलेले आहे. ज्या कल्पिताने मनोरा वाचवला, ते कल्पित आता मनोऱ्यातच राहायला आले आहे.

आणि येथेच तो मुद्दा येतो, ज्यासाठी हा सारा प्रपंच. सध्या ज्या १९७९ च्या कायद्यानुसार स्कॉटलंडमध्ये स्मारके अनुसूचित होतात, त्यात एक कलम आहे. ज्या इमारतीत राखणदार किंवा त्याचे कुटुंब सोडून अन्य कोणी राहत आहे, ती इमारत स्मारक म्हणून अनुसूचित करता येत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू व्यवहारी होता. एखाद्याच्या स्वयंपाकघरात खिळा ठोकण्यासाठीही शासनाची लेखी संमती लागावी, हे कोणाला चालेल? राहत्या घरांसाठी १९४७ पासून ‘सूचिबद्ध इमारती’ अशी निराळी व्यवस्था आहे. तिच्यात प्रतवारी आहे, आणि बदलांना अधिक वाव आहे. व्यवहार म्हणून हे योग्यच. पण त्याचा परिणाम पाहा. टॉवर हाउस हे मुळात घर. ते सर्वांत कडक कायद्याखाली येते, ते त्यातले घरपण संपल्यावर. चूल विझणे ही स्मारक होण्याची पूर्वअट आहे.

तेव्हा चूल पुन्हा पेटवायची ठरवली तर? अनेकांनी ती पेटवली. कादंबरीकार नायजेल ट्रँटर याने १९६२ ते १९७० या काळात तटबंद घरांवर पाच खंड लिहिले, आणि पडक्या मनोऱ्यांना राहते करू पाहणाऱ्यांना तो आवर्जून प्रोत्साहन देत असे. पश्चिम किनाऱ्यावर पाण्यातल्या खडकावर उभा असलेला कासल स्टॉकर हा मनोरा १९६५ पासून सुमारे दहा वर्षे खपून एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने कुटुंबीय आणि मित्र यांच्या हातांनी पुन्हा उभा केला. छप्पर आले, पाऊस थांबला, भिंती कोरड्या झाल्या. ज्या वास्तूत माणूस राहतो, तिच्या गळतीकडे त्याच दिवशी लक्ष जाते. शासकीय स्मारकाची गळती वार्षिक पाहणीची वाट पाहते. हा युक्तिवाद साधा आहे आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही.

परंतु कासल चीरमच्या प्रकरणात त्याला उत्तर देण्यात आले. मॉइडार्ट खाडीतल्या, भरतीच्या वेळी पाण्याने वेढल्या जाणाऱ्या बेटावर हा किल्ला आहे; तटाच्या आत मनोरा-घर आहे. गेलिक भाषेत ‘चीरम’ म्हणजे कोरडा. क्लॅनरॅनल्डच्या मॅक्डोनाल्डांचे हे पिढ्यान्पिढ्यांचे ठाणे. १७१५ च्या जॅकोबाइट उठावाला निघताना शत्रूच्या हाती पडू नये म्हणून कुलप्रमुखाने आपल्याच हुकमाने ते जाळवले, अशी परंपरा आहे; तो शेरिफमूरच्या लढाईत पडला आणि घर पुन्हा वसले नाही. १९९७ साली एका खासगी मालकाने हा किल्ला विकत घेतला. छप्पर घालून तिथे राहावे आणि काही भाग लोकांना पाहू द्यावा, असा त्याचा प्रस्ताव होता. वास्तू अनुसूचित असल्याने संमती आवश्यक होती. ती नाकारली गेली. सार्वजनिक चौकशी झाली आणि नकार कायम राहिला. नकाराचे म्हणणे असे, की १७१५ ची राख हाही त्या वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे. आत नळ, तारा, नव्या फरशा आणि भिंतींचे गिलावे आले, की भिंतींत आणि जमिनीत दडलेला पुरावा कायमचा पुसला जाईल. मालकाच्या बाजूचे म्हणणे असे, की संमती नाकारून तुम्ही पुरावा जपत नाही, फक्त त्याची पडझड लांबवता.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी डळमळते, आणि ते तसे डळमळावे असेच मला वाटते. तत्त्वतः मी मॉरिसच्या बाजूचा आहे. भग्नावशेषाला हात लावणारा प्रत्येक जण आपल्या काळाची आवड त्यावर लादतो. पण ‘आहे तसे’ हेही पूर्णतः निरागस नाही. अवशेष भोवतालची कापलेली हिरवळ, सांधे भरलेल्या भिंती, उघडा स्वच्छ दगड, हे सारे विसाव्या शतकातील शासकीय अभिरुचीचे रूप आहे. मध्ययुगात यांतील बहुतेक घरे अशी उघड्या दगडाची नव्हतीच. त्यांच्यावर चुन्याचा खरबरीत गिलावा असे. अ‍ॅबर्डीनजवळचा क्रेगीव्हार हा १६२६ साली पुरा झालेला मनोरा आजही फिकट गुलाबी गिलाव्यात उभा आहे. विसाव्या शतकात त्याला सिमेंटचा गिलावा दिला गेला तेव्हा ओल आतच कोंडली, आणि पुढे तो सारा काढून पुन्हा चुन्याचा द्यावा लागला. स्टर्लिंगच्या किल्ल्यातल्या मोठ्या दिवाणखान्याला १९९९ साली त्याचा जुना पिवळसर रंग परत दिला, तेव्हा अनेकांना तो बटबटीत वाटला. करड्या दगडाची इतकी सवय झाली होती, की खरा रंगच खोटा दिसू लागला.

वास्तूचे शत्रू मात्र या वादांची दखल घेत नाहीत. २०२१ पासून स्कॉटलंडमध्ये शासकीय देखभालीतल्या अनेक वास्तूंत उंचावरच्या दगडी बांधकामाची तपासणी हाती घ्यावी लागली. पाऊस वाढला आहे. पाणी माथ्यावरून भिंतींच्या गाभ्यात झिरपते, चुना विरघळतो, चिरे सैल होतात. कित्येक मनोऱ्यांभोवती कुंपणे उभी राहिली आणि लोकांना आत जाणे काही काळ बंद झाले. त्यात ज्यांचे छप्पर शाबूत, त्यांची स्थिती साहजिकच बरी. स्मेलहोमला त्याच्या दगडी फरशांच्या छपराचा आधार आहे. पेटत्या मशालींना भिऊन जे बांधले, ते आता पावसाशी झुंजत आहे. आणि त्या छपराच्या कडेला, उत्तरेच्या वाटेवर, धुराड्याच्या भिंतीशी पहारेकऱ्याचे आसन अजून आहे. खालची चूल विझून तीनशे वर्षे झाली. त्यामुळे भिंत आता गार असते.